गोळ्या सुटल्या

"ताई, पाणी मिळंल का जरा? गार नसलं तरी चालंल."

मी स्टेजच्या मागं खुर्चीवर बसून बेस गिटारचा सूर लावत होते. वर शाद्रक ड्रम तपासत होता, त्यामुळं ती बाई दोनदा म्हणाली तेव्हा कुठं मला ऐकू आलं. हिरवं पातळ, डोक्यावर पदर, काखेत स्टीलचा थर्मास आणि हाताशी सात-आठ वर्षांची पोरगी. पोरीला पांढरा झालरीचा फ्रॉक, केसांना पांढऱ्या रिबिनी. नाताळात नटवतात तशी नटवली होती. दिवस मात्र एप्रिलचे होते आणि ऊन अजून उतरलं नव्हतं.

मी माझी बाटली दिली. पोरीनं ती तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली घेतली. मग हळूच म्हणाली, "अजून आहे?"

"अगं बाई! उंट आहेस का तू?" मी हसले आणि शाद्रकची बाटली उचलून दिली. तीही तिनं निम्मी संपवली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

"तुम्ही एलिशाभाऊंच्या बहीण ना?" बाईनं विचारलं.

"हो. तो धाकटा, मी थोरली. गाणी त्याची, शिव्या माझ्या."

बाई हसली नाही. ती आमच्या मागच्या बॅनरकडं बघत होती. बॅनरवर एलिशाचा हात वर केलेला फोटो, त्यावर मोठ्या अक्षरांत 'सोड सारं', आणि खाली 'मोहरी बँडचा नवा अल्बम, आशेचा नवा आवाज'. मोहरी हे आमच्या बँडचं नाव. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलतो म्हणतात, त्यावरून ठेवलेलं. बाहेरची माणसं आम्हाला फोडणीवाले म्हणायची. चर्चमधली म्हातारी माणसं तर ड्रम दिसला की कानावर हात ठेवायची. पण पोरंसोरं नाचायची, आणि त्या दिवशी नगर जिल्ह्यातल्या गावागावांतून टेम्पो भरभरून माणसं राहुरीच्या अलीकडच्या त्या मैदानावर आली होती. सगळी त्या एका गाण्यासाठी. अल्बम त्या संध्याकाळी निघायचा होता, पण 'सोड सारं' हे गाणं आम्ही वर्षभर सभांमधून म्हणत होतो आणि ते तोंडोतोंडी झालं होतं.

"मी द्वारका. खडकवाडीची," बाई म्हणाली. "तुम्ही आल्ता ना आमच्याकडं, पत्र्याच्या चर्चमधी, नाताळाच्या आधी? ही माझी सलोमी. आज आम्ही साक्ष देणार हाये. पास्टरसाहेबांनी नाव घेतलंय. गाण्याच्या मधीच बोलावणार हायेत."

साक्ष म्हणजे काय, ते आमच्यातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. सांगून झालं की सगळी मंडळी आमेन म्हणतात. आमेन म्हणजे हे खरं आहे, असंच होवो. एकदा आमेन म्हटलं की दुसऱ्याचा तो शब्द आपलाही होतो.

"सलोमी, ताईला म्हणून दाखव."

पोरगी हात मागं बांधून ताठ उभी राहिली. "माझं नाव सलोमी. मी दुसरीत आहे. प्रभूनं माझी सुई बंद केली." एवढं बोलून तिला धाप लागली. मग आईकडं वळून म्हणाली, "मम्मी, पोटात दुखतंय."

"कसली सुई?" मी विचारलं.

"साखरेची ओ. दोन वरसं झाली. सकाळ-संध्याकाळ टोचायची, कधी पोटाला, कधी दंडाला." बाईनं थर्मासवर हात फिरवला. "काल सकाळपासून बंद केली. एकदम बंद."

"आणि यात काय आहे? चहा?"

"औषध हाये. बर्फात ठेवावं लागतं. आता नाही लागणार. आज स्टेजवर प्रभूच्या पायाशी ठेवायचं, समद्यांसमोर."

आमच्या आईला मरेपर्यंत इन्सुलिन होतं. एका लग्नाच्या गडबडीत तिच्या सुया चुकल्या होत्या तेव्हा ती अशीच घागरी घागरी पाणी प्यायली होती आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं, लहान पोराचं नाही, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. मी गिटार खाली ठेवली आणि पोरीला जवळ घेतलं. अंग गरम नव्हतं. पण श्वास धाप लागल्यासारखा चालला होता, आणि त्याला कसलासा गोडसर, आंबूस वास येत होता.

"द्वारकाबाई, आधी हिला सुई द्या. आत्ताच्या आत्ता. साक्ष राहू द्या बाजूला."

"नाही ताई."

"अहो, पोरगी आजारी पडतेय तुमची! दिसत नाही का?"

"सैतान परीक्षा बघतो. पास्टरसाहेब म्हणले."

"सैतान कशाला बघतोय? साखर वाढलीय तिची!"

वेडी नव्हती ती, आणि अडाणीही नव्हती. सुईवरच्या खुणा बघून औषध भरायची ती रोज. मला राग आला होता, पण तिचं पुढचं बोलणं ऐकल्यावर तो राग तिच्यावर काढता येईना.

"डॉक्टर म्हणले आयुष्यभर," ती म्हणाली. "आयुष्यभर म्हणजे काय ओ ताई? उद्या हिला करून कोण घेईल? हिचा बाप ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. रोज मीच टोचते. रोज ती मला म्हणती, मम्मी नको. मग भाऊ आले आमच्याकडं. त्यांनी साक्ष दिली. म्हणले, ज्या दिवशी मी गोळ्या सोडल्या, त्या दिवशी प्रभूनं मला धरलं. मी आमेन म्हणले. मोठ्यानं म्हणले. आन घरी येऊन काय केलं? सुई देतच राहिले. चार महिने! म्हणजे मी प्रभूशी खोटंच वागले ना?"

"तसं नसतं हो..."

"आता दिलेला शब्द फिरवला, आन त्यानं पोर नेली तर?"

तिचे डोळे भरले होते. भक्ती कसली, नुसती भीती होती ती.

"मी सांगते ना तुम्हाला, काही होत नाही शब्द फिरवला तर," मी म्हणाले.

"रागवू नका ताई. पण तुम्ही कोण? शब्द भाऊंचा हाये. मी त्यांच्या शब्दाला आमेन म्हणले."

मी उठले ती थेट गाडीकडं निघाले.

एलिशा गाडीत मागच्या सीटवर ज्येष्ठमध चघळत बसला होता. कार्यक्रमाआधी तो कुणाशी बोलत नाही, गळा जपतो. मी दार ओढून आत शिरले आणि सगळं भडाभडा सांगितलं. ऐकता ऐकता त्याचं चघळणं थांबलं.

"मी कुठं म्हटलं तिला इन्सुलिन बंद कर म्हणून?" तो म्हणाला.

"गोळ्या सोडल्या म्हणतोस ना?"

"ती माझी साक्ष आहे. माझ्यापुरती."

"तुझ्यापुरती? मग लाउडस्पीकर कशाला लागतो रे तुला?"

त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं. आणि तोंड का वळवलं ते जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, त्याला आणि मला.

झालं होतं असं. त्याच्या तीन वर्षं आधी एलिशाला टीबी झाला. गाणं बंद, नोकरी बंद, वजन इतकं उतरलं की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. सहा महिने रोज सकाळी मी त्याच्यासमोर उभं राहून गोळ्या गिळवल्या. जीभ वर कर, दाखव, असं म्हणायची मी, कारण हा भामटा गोळी गालात ठेवून नंतर थुंकायचा. त्या गोळ्यांनी लघवी केशरी होते. पहिल्या दिवशी हा बाथरूममधून ओरडला, "ताई, मी संपलो!" आम्ही किती हसलो होतो त्यावर! आणि आम्ही प्रार्थनाही केली, रोज, गुडघे टेकून. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, बास आता, तुमच्या गोळ्या सुटल्या.

पहिल्या साक्षीत एलिशा तेच म्हणायचा. माझ्या गोळ्या सुटल्या. लोक आमेन म्हणायचे, पण बेताचंच. मग एका सभेत, कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून निघालं, मी गोळ्या सोडल्या. आणि मंडपात असा आमेन उठला की माझ्या गिटारच्या तारा झणाणल्या. पुढच्या सभेत पुन्हा सोडल्या, त्याच्या पुढच्या सभेतही. त्यातूनच ते गाणं झालं. मी त्याला तेव्हाच टोकलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, एका शब्दानं काय होतंय?"

"हे झालं एका शब्दानं," मी गाडीत त्याला म्हणाले. "जा आणि तिला खरं सांग."

"सांगतो. तिला एकटीला सांगतो."

तो खरंच उतरला आणि तिच्यापाशी गेला. मीही मागोमाग गेले. द्वारकाबाई त्याला बघून उठून उभी राहिली, दोन्ही हात जोडून. एलिशानं खालच्या आवाजात तिला सांगितलं की औषध घेणं हे पाप नाही, मी चुकीचं बोललो होतो, तुम्ही सुई द्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग हे तुम्ही स्टेजवर का नाही म्हणलात, भाऊ?"

एलिशा बॅनरकडं बघायला लागला.

"तुम्ही माझी परीक्षा बघताय," ती म्हणाली. "पास्टरसाहेब म्हणले होते. साक्षीच्या आधी जवळची माणसंसुद्धा मोडता घालतील. भाऊ, इतक्या माणसांसमोर तुम्ही एक बोललात आन हितं कानात दुसरं सांगता. मी कंचं खरं धरू?"

बोला! काय चुकीचं होतं तिचं?

तेवढ्यात पोरगी वाकली आणि तिनं उलटी केली, सगळं पाणीच. पांढऱ्या फ्रॉकवर डाग पडले. शाद्रक ड्रम सोडून खाली धावला. "उचल तिला, मी गाडी काढतो," तो म्हणाला. मी सलोमीला उचललंही. पण द्वारकाबाईनं तिला अशी कवटाळली की पोर दोघींच्या मध्ये रडायला लागलं. स्टेजशेजारच्या प्रार्थनेच्या तंबूतल्या बायका धावत आल्या. हे काय चाललंय, पोर का ओढताय, असा गलका झाला. कुणी माझा दंड धरला, कुणी "हल्लेलुया, सैताना, मागं हट" म्हणायला लागलं. मी मागं झाले. त्या गर्दीत पोर हिसकावून नेली असती तर मैदानातून गाडी बाहेर पडली नसती.

पास्टर नहेम्या तिथं आले. पांढरा शर्ट, कपाळाला घाम, हातात कार्यक्रमपत्रिका. ते वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. एलिशाच्या आजारपणात रोज येऊन त्याच्या उशाशी बसायचे. त्यांनी बायकांना शांत केलं आणि आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

"साक्ष झाल्यावर मी स्वतः त्या मुलीला दवाखान्यात नेतो," ते म्हणाले. "पण साक्षीत पाणी घालायचं नाही, बेटी. मैदानात बघ किती दुखणाईत बसलीत. कुणी कर्करोगाचं आहे, कुणाचा मुलगा दारूत बुडालाय. ती माणसं आशेवर आलीत. त्यांची आशा काढून घेणार तुम्ही? कुणाची आशा काढून घेणं हे पाप आहे."

"पास्टर, आशा वेगळी आणि थाप वेगळी."

"थाप? एलिशा, तू बरा झालास की नाही?"

"झालो," एलिशा म्हणाला.

"प्रभूनं केलं की नाही?"

"केलं."

"मग झालं तर," पास्टर म्हणाले. मी काही बोलणार तोच त्यांना कुणीतरी हाक मारून नेलं.

आम्ही दोघं बॅनरच्या मागं उभे होतो. कापडातून उलटी अक्षरं दिसत होती.

"ताई, अल्बमच सोड सारं आहे," तो म्हणाला. "सीडी छापून आल्यात. स्टेजवर हे मागं घेतलं तर उरतं काय आपलं? लोक म्हणतील एलिशा खोटारडा."

"म्हणू देत. खोटारडा तर आहेसच तू."

"तू माझी बहीण आहेस का कोण आहेस?"

"बहीण आहे म्हणून तोंडावर सांगतेय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग स्टेजच्या पायऱ्यांवर बसलेल्या पोरीकडं बघितलं. तिनं डोकं आईच्या मांडीवर टाकलं होतं, आणि तोंड उघडं ठेवून ती श्वास घेत होती.

"पास्टरांना सांग, भाषणं नंतर. आम्ही आत्ता सुरू करतोय," एवढंच म्हणून तो वर चढला.

काय करणार आहेस, असं मी विचारलं नाही. विचारायची माझी छातीच झाली नाही.

शाद्रकनं काड्या आपटून इशारा दिला आणि आम्ही सुरू केलं. गाण्याला माणसं उठून उभी राहिली, हात वर, टाळ्या. इतकी वर्षं मी बेस वाजवतेय, कधी चुकले नव्हते. त्या दिवशी दोनदा सूर चुकला. शाद्रकनं मागून डोळे वटारले. एलिशाचा आवाज मात्र असा लागला होता की मला त्याचाच राग आला.

'सोड सारं, सोड सारं,
ओझं उतरव दारी,
ज्यानं तुला घडवलंय रे
तोच तुला तारी.'

दुसरं कडवं संपलं की वाद्यं मंद व्हायची आणि एलिशा बोलायचा, ही आमची रीत. ड्रम हळू झाला. पास्टरांनी द्वारकाबाईला खूण केली. ती वर आली, एका काखेत थर्मास, दुसऱ्या हातानं सलोमीला अंगाशी धरून. पोरीला चालवत नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बाया "प्रभू, प्रभू" म्हणत होत्या.

एलिशानं माइक धरला. "मी टीबीनं अंथरुणाला खिळलो होतो..."

नेहमीचीच वाक्यं, नेहमीच्याच जागी थांबणं. मी तार दाबत होते आणि मनात म्हणत होते, प्रभू, याच्या तोंडात शब्द घाल, नाहीतर याचं तोंड बंद कर.

"...रक्त पडायचं खोकल्यातून. आई म्हणायची, माझ्या आधी जाऊ नकोस. आणि मग गोळ्या..."

"सोडल्या!" पुढच्या रांगेतून एक माणूस आधीच ओरडला. लोकांना साक्ष पाठ होती. सगळं मैदान हसलं, टाळ्या वाजल्या.

"नाही," एलिशा म्हणाला. "सुटल्या."

टाळ्या रेंगाळत थांबल्या. शाद्रकनं काड्या मांडीवर ठेवल्या. मीही हात उचलला.

"मी गोळ्या सोडल्या नाहीत," एलिशा म्हणाला. "सहा महिने रोज घेतल्या. ही बेसवाली बघा, माझी बहीण, ही समोर उभं राहून गिळवायची. जीभ वर करून दाखवायला लावायची. मी प्रार्थना रोज केली आणि गोळी रोज घेतली. मग डॉक्टर म्हणाले, तुमच्या गोळ्या सुटल्या. प्रभूनं मला बरं केलं, हे खरं आहे. कसं केलं ते मी खोटं सांगितलं. सोडल्या म्हटलं की तुम्ही मोठ्यानं आमेन म्हणायचात, म्हणून सांगत राहिलो."

कुठंतरी एक तान्हं पोर रडत होतं.

"त्या शब्दाला तुम्ही आमेन म्हटलात. तुमच्यावर त्याचं काही नाही. ते माझ्यावर आहे. ज्यानं ज्यानं म्हटलं, त्याचा त्याचा आमेन मी परत करतोय. द्वारकाताई, सगळ्यात आधी तुमचा."

"खाली उतर!" कुणीतरी ओरडलं. मग अजून एकदोघं. पास्टर माइककडं निघाले. पण त्यांच्या आधी द्वारकाबाई पुढं झाली. तिनं माइक हातात घेतला नाही, नुसती एलिशाच्या समोर उभी राहिली, आणि त्याच्या हातातल्या माइकमधून तिचा आवाज सगळीकडं गेला.

"तुमच्या सुटल्या ना भाऊ? मग माझ्या सलोमीची कधी सुटंल?"

मी डोळे मिटून घेतले. इथं खोटं बोलणं किती सोपं होतं! सुटेल ताई, विश्वास ठेवा, एवढं म्हटलं असतं तरी मैदानानं त्याला डोक्यावर घेतलं असतं, त्याचं सगळं माफ झालं असतं.

"सुटणार नाही, ताई," एलिशा म्हणाला.

तिच्या तोंडून हुंकारासारखं काहीतरी निघालं. "डॉक्टर पण असंच म्हणले. आयुष्यभर."

"आयुष्यभर म्हणाले ना?" एलिशाचा आवाज फाटला. "म्हणजे डॉक्टरांनी हिचं अख्खं आयुष्य गृहीत धरलंय, ताई. सुई आहे तर आयुष्य आहे, सुईसकट आहे. शाळा आहे, नाताळ आहेत, लग्नसुद्धा असेल. तुम्ही ते आयुष्यच काढून ठेवायला आलाय इथं. थर्मास उघडा. मी पाया पडतो तुमच्या."

आणि तो खरंच वाकला. गळ्यात गिटार, हजार माणसं समोर, आणि माझा भाऊ त्या बाईच्या पायावर.

तिनं पाय मागं घेतले. मग ती स्टेजवर, तिथंच वायरींच्या भेंडोळ्यात, मांडी घालून बसली. पोरीला मांडीवर घेतलं. थर्मासचं झाकण फिरवलं. बर्फाचं कधीच पाणी झालं होतं. त्यातली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बाटली तिनं पदराला पुसली, पिशवीतून सुई काढली, उजेडाकडं धरून औषध भरलं आणि पोरीच्या फ्रॉकची बाही वर केली. हात जराही हलला नाही तिचा. एरवी टाळ्यांनी दुमदुमणारं मैदान नुसतं बघत होतं.

कुणीही आमेन म्हटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. पास्टरांनी आम्हाला पुन्हा बोलावलं नाही. अल्बम पडला, सीड्यांचे खोके बरीच वर्षं आमच्या माळ्यावर होते. एलिशानं वर्षभर गाणं म्हटलं नाही, आणि पुन्हा म्हणायला लागला तेव्हा साक्ष मात्र सुटल्या अशीच द्यायचा, लोक आमेन म्हणोत न म्हणोत. सलोमी आता कॉलेजात आहे. पर्समध्ये इन्सुलिन घेऊन फिरते आणि मला माझ्याच वरताण उलट उत्तरं देते.

आणि त्या संध्याकाळी दवाखान्यात जातानाचं, गाडीतलं सांगायचं राहिलंच. शाद्रक गाडी दामटत होता, मागं आम्ही चौघं. एलिशा खिडकीला डोकं टेकून बसला होता. द्वारकाबाई स्टेजवरून उतरल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. पोरीच्या दंडावर अंगठा दाबून ती समोर बघत होती. ती आम्हाला माफ करणार की नाही, तिचा देव तिला माफ करेल असं तिला वाटतंय की नाही, काही कळत नव्हतं. दवाखान्याचा दिवा दिसायला लागला तेव्हा सलोमीनं डोळे उघडले.

"ताई, माझी साक्ष राहिली," ती म्हणाली.

"दे की मग," मी म्हणाले. "आम्ही आहोत ऐकायला."

तिनं उठून बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा पडल्या पडल्याच हात जोडले.

"माझं नाव सलोमी. मी दुसरीत आहे." पुढं काय म्हणायचं ते तिला सुचेना. पाठ केलेलं तर चालणार नव्हतं. तिनं जरा विचार केला. "मम्मीनं मला सुई दिली. दुखली. पण थोडीच दुखली."

शाद्रकनं आरशातून मागं बघितलं.

द्वारकाबाईनं पोरीच्या दंडावरचा अंगठा उचलला, तिथं ओठ टेकले, आणि म्हणाली, "आमेन."